ऑनलाइन कोर्समधून ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना: आधी कागदावर अंदाज, मग रन

ऑनलाइन कोर्सच्या लॅब तपासताना एक निरोप मला दर बॅचला येतो: "सर, सगळे व्हिडिओ बघून झालेत, क्विझमध्ये मार्कही बरे आहेत, पण असाइनमेंट सुरू कुठून करायची तेच कळत नाहीये." निरोप पाठवणारा आळशी नसतो, त्याचा क्रम चुकलेला असतो. आधी व्हिडिओ, मग क्विझ आणि उरलेल्या दोन दिवसांत लॅब, असा स्क्रीनवर बटणं ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने तो गेलेला असतो. या विषयात तसं चालत नाही. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम), पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता), लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) यांची चित्रं बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. खरंच समजलंय का, हे बघायचं तर प्रोग्रॅम काय करेल ते चालवण्याआधी लिहून काढावं लागतं. खालचे सगळे टप्पे या एका सवयीवर उभे आहेत.

## १. कोर्स सुरू होण्याआधी: सी भाषेची झाडाझडती

ओएसच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) कोर्समध्ये गळती होते ती बहुतेक वेळा ओएसमुळे नव्हे, सी भाषेमुळे. पायथन किंवा जावावर वाढलेल्या माणसाला पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारा व्हेरिएबल) "माहीत" असतो, पण हाताला वळण नसतं.

स्वतःची परीक्षा घ्या. कुठेही न बघता सीमध्ये लिंक्ड लिस्ट लिहा: नोड घालणं, मधला नोड काढणं, शेवटी सगळी मेमरी मोकळी करणं. मग तो प्रोग्रॅम व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली चालवा. एकही बाइट गळत नसेल आणि चुकीच्या जागी वाचन-लेखन होत नसेल, तर तुम्ही तयार आहात. पहिला नोड काढताना प्रोग्रॅम कोसळत असेल, तर दोन आठवडे फक्त सीला द्या. कोर्स दोन आठवडे उशिरा सुरू केलेला परवडतो; चौथ्या आठवड्यात कर्नलमधला (ओएसच्या गाभ्यातला) पॉइंटर चुकला की तो शोधण्यात जी रात्र जाते ती परवडत नाही.

सोबत दोन छोट्या गोष्टी हव्यात. हेक्समधल्या आकड्यांची भीती जायला हवी, आणि दोनचे घात तोंडपाठ हवेत: १० वा घात १०२४, १२ वा ४०९६. पेजचा (मेमरीच्या एका तुकड्याचा) नेहमीचा आकार ४०९६ बाइट असतो, म्हणून तो १२ पुढे शंभर वेळा भेटणार आहे.

तपासून पाहा: इंटच्या पॉइंटरमध्ये १ मिळवला तर पत्ता कितीने पुढे जातो? "एकने" असं उत्तर आलं असेल, तर पुढचा टप्पा वाचू नका. बहुतेक मशीनवर तो ४ बाइटने सरकतो. का, ते आधी समजून घ्या.

## २. मशीन तयार करणं

लिनक्स लागेल. संपूर्ण लिनक्स, व्हर्च्युअल मशीन किंवा विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल, तिन्हीपैकी काहीही चालेल. मात्र कोर्सने स्वतःची इमेज दिली असेल तर तीच वापरा, आपली हौस बाजूला ठेवा.

इथे एक फार जुनी चूक आहे. कोर्सची इमेज इंटेल-एएमडी पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बनवलेली असते आणि विद्यार्थ्याचा लॅपटॉप एआरएम पद्धतीचा. अशी इमेज त्या लॅपटॉपवर थेट चालत नाही. पूर्ण प्रोसेसरचं सोंग घेऊन चालवली तर चालते, पण गोगलगायीच्या वेगाने. हे पहिल्या लॅबच्या आदल्या रात्री कळू देऊ नका.

क्रम असा ठेवा:

१. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते बघा.
२. व्हर्च्युअल मशीन बसवा, कंपायलर, मेक, जीडीबी (चुका शोधायचा डीबगर), गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) आणि क्यूईएमयू (मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम) टाका, आणि लगेच एक स्नॅपशॉट घ्या.
३. कोर्सने दिलेला मूळ कोड उतरवा. एक अक्षरही न बदलता तो कंपाइल करा आणि बूट करा.
४. तो चालला की गिटमध्ये पहिली नोंद करा, आणि त्यानंतरच फाइल उघडा.

तिसरी पायरी गाळणारे पुढे दोन-दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात, आणि चूक असते कंपायलरच्या आवृत्तीत.

सावधान: कोड विंडोजच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ओळीच्या शेवटी बसणारं विंडोजचं जादा चिन्ह स्क्रिप्ट मोडतं, आणि एरर बघून कारण ओळखू येत नाही. कोड लिनक्सच्याच डिस्कवर राहू द्या.

आणि हो, एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेलं एक्सव्ही६ हे छोटं कर्नल अनेक कोर्स वापरतात. ते टर्मिनलमध्येच क्यूईएमयूवर सुरू होतं आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे कुणी सांगत नाही. कंट्रोल आणि ए एकत्र दाबून सोडा, मग एक्स दाबा. पहिल्या दिवशी मी खिडकीच बंद करून टाकली होती.

## ३. नियमांचं पान एकदा नीट वाचा

अर्ध्या तासाचं काम आहे. डेडलाइन कुठल्या टाइम झोनमध्ये आहे ते बघा. यूटीसीमधली (जागतिक प्रमाणवेळेतली) रात्र आणि तुमची रात्र एक असेलच असं नाही. उशिरासाठी किती दिवस मिळतात, चर्चा कुठपर्यंत चालते, एआयची मदत चालते का आणि कोड कुठल्या मशीनवर तपासला जाईल, हे चारही मुद्दे स्वतःच्या वहीत उतरवा. स्वतःचं उत्तर उघड्या गिट रिपॉझिटरीत ठेवणं बऱ्याच कोर्समध्ये नियमभंग धरलं जातं, म्हणून रिपॉझिटरी पहिल्या दिवसापासून खाजगी करा.

## ४. आठवड्याचा क्रम उलटा करा

माझा क्रम सांगतो. आठवडा उघडला की सर्वात आधी लॅबचं पान वाचायचं. काही कळणार नाही, कळायचंही नसतं. कुठले शब्द अडतात ते लिहून ठेवायचे. मग नेमलेला धडा वाचायचा, आणि त्यानंतर व्हिडिओ लावायचा. आता व्हिडिओ बघताना तुम्ही काहीतरी शोधत असता.

व्हिडिओमध्ये कोड किंवा उदाहरण आलं की थांबवा. शिक्षक उत्तर सांगण्याआधी स्वतःचं उत्तर लिहा. चुकलं तर ते खोडू नका, बाजूला बरोबर उत्तर आणि फरकाचं कारण एका ओळीत लिहा. परीक्षेच्या आधी उजळणीला या ओळींसारखी दुसरी वही नाही.

आठवड्याला दहा तास असतील तर व्हिडिओला तीनपेक्षा जास्त देऊ नका. दुप्पट वेगाने सगळे व्हिडिओ संपवणं हा प्रकार मी स्वतः करून पाहिलाय. प्रगतीची हिरवी पट्टी भरते, बाकी काही होत नाही.

## ५. प्रोसेस: फोर्कवर एक संध्याकाळ खर्च करा

अंदाज लिहिण्याची सवय लावायला फोर्कसारखा विषय नाही. फोर्क म्हणजे ओएसला सांगून चालू प्रोसेसची दुसरी प्रत काढणं. एक छोटा प्रोग्रॅम घ्या. आधी प्रिंटएफने "नमस्कार" आणि नवीन ओळीचं चिन्ह, मग एकदा फोर्क, मग प्रोग्रॅम संपला. "नमस्कार" किती वेळा छापलं जाईल?

फोर्कच्या आधीच छापलं, म्हणजे एकदा. टर्मिनलवर चालवा, एकदाच येतं. आता त्याच प्रोग्रॅमचं आउटपुट एका फाइलमध्ये वळवा आणि फाइल उघडा. तिथे "नमस्कार" दोनदा आहे.

इथे थांबा, उत्तर शोधायला धावू नका. प्रिंटएफ अक्षरं थेट बाहेर पाठवत नाही, आधी प्रोसेसच्या मेमरीतल्या बफरमध्ये ठेवतं. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ओळ संपताच बफर रिकामा होतो. फाइलकडे जात असेल तर तो भरेपर्यंत किंवा प्रोग्रॅम संपेपर्यंत तसाच राहतो. फोर्कने मेमरीची प्रत झाली, तिच्यात भरलेल्या बफरचीही प्रत झाली, आणि दोन्ही प्रोसेसनी शेवटी आपापला बफर ओतला. फोर्क म्हणजे संपूर्ण मेमरीची प्रत, हे वाक्य व्हिडिओत दहा वेळा ऐकलेलं असतं. ते खरं कळतं ते या फाइलमध्ये.

याच संध्याकाळी ओळीने तीन फोर्क लिहा आणि एकूण प्रोसेस किती होतात ते आधी झाड काढून मोजा. उत्तर ८ येतं. ज्यांचं ४ येतं, ते नव्याने जन्मलेली प्रोसेसही पुढचा फोर्क चालवते हे विसरलेले असतात.

नेहमीची चूक: वेट न करणं. मूल (फोर्कने जन्मलेली प्रोसेस) संपलं आणि पालकाने त्याचा निकाल घेतला नाही, तर ते झॉम्बी म्हणून प्रोसेसच्या यादीत जागा अडवून बसतं. शेलची असाइनमेंट करताना पीएस कमांडने यादी काढून बघा, एकही झॉम्बी दिसता कामा नये.

## ६. शेड्युलिंग: गणित सोपं, वाचन अवघड

शेड्युलिंग म्हणजे प्रोसेसर कुठल्या प्रोसेसला कधी द्यायचा ते ठरवणं. दोन सूत्रं पुरतात. टर्नअराउंड म्हणजे संपल्याची वेळ वजा आल्याची वेळ. वेटिंग म्हणजे टर्नअराउंड वजा बर्स्ट (प्रोसेसरवर लागणारा वेळ). आल्याची वेळ वजा करायला विसरणं ही पहिली चूक. दुसरी जास्त लबाड आहे.

राउंड रॉबिन (पाळीपाळीने प्रत्येकाला ठरावीक वेळ), क्वांटम (एका पाळीचा वेळ) २. पहिली प्रोसेस ० ला येते, तिला ५ एकक वेळ हवा. दुसरी २ ला येते, तिला ३ हवा. बरोबर २ वाजता पहिलीचा क्वांटम संपतो आणि त्याच क्षणी दुसरी दारात उभी राहते. रांगेत पुढे कोण? नव्या प्रोसेसला पुढे घेतलं तर पहिली ८ ला संपते, दुसरी ७ ला. जुनीला पुढे घेतलं तर नेमकं उलटं: पहिली ७ ला, दुसरी ८ ला. गंमत अशी की सरासरी वेटिंग दोन्हीकडे २.५च येतं, म्हणून चूक झाकून राहते आणि पुढच्या मोठ्या गणितात डोकं वर काढते. नव्याला पुढे घेण्याचा रिवाज जास्त चालतो, पण तुमच्या कोर्सचा रिवाज विचारून घ्या आणि उत्तराच्या पहिल्याच ओळीत तो लिहा.

## ७. थ्रेड आणि लॉक: "माझ्याकडे तर चालतंय"

कोर्सचा सर्वात जास्त वेळ इथे द्या.

सुरुवात एका सामाईक काउंटरने करा. दोन थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणारी, मेमरी वाटून घेणारी दोन कामं), प्रत्येकाने तो १० लाख वेळा एकने वाढवायचा, लॉक नाही. अंदाज लिहा आणि चालवा. २० लाखांपेक्षा कमी आकडा येईल, आणि दर वेळी वेगळा. सीमधली ती एक ओळ प्रोसेसरसाठी साधारण तीन कामं असते: मेमरीतून आकडा उचलणं, एक मिळवणं, परत ठेवणं. दोघांनी एकच जुना आकडा उचलला की एक वाढ हरवते. यालाच रेस म्हणतात.

हा प्रयोग फसण्याच्याही दोन वाटा आहेत. १० लाखांऐवजी १००० घेतलेत तर दुसरा थ्रेड जागा होईपर्यंत पहिला संपलेला असतो, आणि उत्तर बरोबर येतं. ऑप्टिमायझेशन चालू ठेवलंत तर कंपायलर सगळं लूप गुंडाळून एकाच बेरजेत बसवू शकतो, आणि पुन्हा उत्तर बहुधा बरोबर. बरोबर उत्तर आलं म्हणजे प्रोग्रॅम बरोबर, हा समज इथेच सोडून द्यायचा असतो.

मग म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा लॉक) लावा, आणि पुढे ही यादी हाताशी ठेवून स्वतःचा कोड वाचा:

- एकाच डेटाला हात लावणारे सगळे थ्रेड एकच लॉक घेतात का? फंक्शनच्या आत जन्मलेला लॉक प्रत्येक थ्रेडचा वेगळा होतो, आणि वेगळा लॉक म्हणजे लॉक नसल्यासारखंच.
- मधूनच रिटर्न होणाऱ्या प्रत्येक वाटेवर लॉक सोडलाय का? एरर आल्यावरची वाट हमखास राहून जाते.
- कंडिशन व्हेरिएबलवर (अट खरी होईपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या साधनावर) थांबताना अट व्हाइलमध्ये आहे का? इफ लिहिलेली असाइनमेंट मी लगेच परत पाठवतो. जाग आली याचा अर्थ अट अजून खरी आहे असा होत नाही. मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने माल उचललेला असू शकतो.
- दोन लॉक लागत असतील तर सगळीकडे त्याच क्रमाने घेतले आहेत का? एकाने अ-ब आणि दुसऱ्याने ब-अ घेतले, की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.
- कर्नलमध्ये असाल तर स्पिनलॉक (न झोपता फिरत वाट बघायला लावणारा लॉक) धरून झोपायचं नाही.

सावधान: चूक शोधायला मध्ये प्रिंटएफ टाकलं आणि चूक गायब झाली, तर ती सुटलेली नाही. छापण्याला वेळ लागतो, थ्रेडचा ताल बदलतो, आणि रेस लपते. थ्रेड सॅनिटायझर (रेस पकडणारं कंपायलरचं साधन) लावून कंपाइल करा.

तपासून पाहा: सबमिट करण्याआधी प्रोग्रॅम लूपमध्ये १००० वेळा चालवा. कोर्सचं कर्नल असेल तर एका कोअरवर आणि अनेक कोअरवर, दोन्ही. एका कोअरवर लाजाळू असलेली रेस चार कोअरवर तोंड उघडते.

## ८. मेमरी: पत्ता हाताने फोडता आला पाहिजे

आधी एक गैरसमज. पेज फॉल्ट म्हणजे बिघाड नव्हे. पान मेमरीत नाही किंवा अजून जोडलेलं नाही, म्हणून प्रोसेसर कर्नलला हाक मारतो. कर्नल ते आणून देतं आणि प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. हात लावायचा हक्कच नसलेल्या जागी गेलं तर मात्र सेगमेंटेशन फॉल्ट. परीक्षेत या दोन शब्दांची अदलाबदल सर्रास होते.

आता ३२ बिटचा पत्ता, ४०९६ बाइटचं पेज, दोन पातळ्यांचं टेबल. हेक्समधला पत्ता ००४०३२५८ घ्या. ४०९६ म्हणजे दोनचा १२ वा घात, म्हणून शेवटचे १२ बिट ऑफसेट (पेजच्या आतली जागा). हेक्सचा एक अंक ४ बिटचा, म्हणजे शेवटचे तीन अंक: २५८. उरले ००४०३, म्हणजे २० बिट. ते दहा-दहात फोडायचे, आणि इथेच घोळ होतो, कारण दहा बिट हेक्सच्या अंकांवर सरळ तुटत नाहीत. बायनरीत लिहा: ०००० ०००० ०१०० ०००० ००११. पहिले दहा बिट मिळून १, पुढचे दहा मिळून ३. म्हणजे वरच्या टेबलात १ क्रमांकाची नोंद, तिने दाखवलेल्या टेबलात ३ क्रमांकाची, आणि तिथून मिळालेल्या फ्रेममध्ये (खऱ्या मेमरीतल्या पेजएवढ्या जागेत) २५८ पुढे. मोजणी शून्यापासून. असे पाच पत्ते हाताने फोडल्याशिवाय पेज टेबलची लॅब उघडू नका.

टीएलबीच्या (अलीकडे वापरलेल्या पत्त्यांच्या नोंदी जपणाऱ्या छोट्या कॅशच्या) गणितात प्रश्न नीट वाचा. मेमरीला १०० नॅनोसेकंद, टीएलबीला २०, हिट (नोंद टीएलबीतच सापडणं) ८० टक्के. टेबल एका पातळीचं असेल तर हिटला १२०, मिसला २२०, सरासरी १४०. तेच टेबल दोन पातळ्यांचं असेल तर मिसला मेमरीत तीन फेऱ्या, म्हणजे ३२०, आणि सरासरी १६०. "दोन पातळ्या" हे दोन शब्द नजरेतून सुटले की सगळं उत्तर गेलं.

पेज बदलण्याच्या गणितात सुरुवातीला रिकाम्या फ्रेम भरतात तेही फॉल्ट धरायचे. पडताळा घ्यायला क्रम देतो: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. फीफो (आधी आलेलं आधी बाहेर) पद्धतीने ३ फ्रेमला ९ फॉल्ट आणि ४ फ्रेमला १० यायला हवेत. फ्रेम वाढवून फॉल्ट वाढले म्हणून उत्तर खोडू नका. बेलाडीची विसंगती म्हणतात ती हीच.

## ९. फाइल सिस्टिम

इथे लवकर निभावतं, फक्त नाव आणि फाइल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पक्कं करा. एखादी मोठी फाइल प्रोग्रॅममध्ये उघडी ठेवा, दुसऱ्या टर्मिनलमधून ती आरएम कमांडने काढा, आणि डीएफ कमांडने मोकळी जागा बघा. जागा वाढत नाही. डिरेक्टरीतलं नाव गेलं, पण आयनोड (डिस्कवरची फाइलची खरी नोंद) उघडा आहे. प्रोग्रॅमने फाइल बंद केली की जागा सुटते. हा प्रयोग केलेल्या माणसाला हार्ड लिंकचा (एकाच फाइलला दुसरं नाव देण्याचा) प्रश्न पुन्हा शिकवावा लागत नाही.

## १०. लॅबमध्ये अडकल्यावर

कर्नल पॅनिक झाल्यावर (गंभीर चूक सापडून कर्नल थांबल्यावर) कोडकडे टक लावून बसू नका. संदेशातला पत्ता घ्या, जीडीबीला द्या, नेमकी ओळ काढा. शेवटची चालणारी गिट नोंद आणि आत्ताचा कोड यातला फरक वाचा. हा फरक दोनशे ओळींचा असेल तर चूक तिथेच आहे: दर वीस-पंचवीस ओळींनंतर चालवून नोंद करायला हवी होती. यूझरच्या बाजूचा प्रोग्रॅम असेल तर एसट्रेस (सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्या, दाखवणारं साधन) लावा, कुठल्या सिस्टिम कॉलवर अडलाय ते सरळ दिसतं.

तासभर झटूनही सुटलं नाही तर मदतनिसाला लिहा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका, मजकूर पाठवा. काय चालवलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून बघितलं, या चार ओळी. निम्म्या वेळा दुसरी ओळ लिहितानाच उत्तर सापडतं आणि निरोप पाठवावा लागत नाही.

## ११. ऑनलाइन परीक्षेची तयारी

शेवटचा आठवडा नवीन व्हिडिओंना देऊ नका. वहीतल्या चुकांच्या ओळी काढा आणि तीच उदाहरणं आकडे बदलून सोडवा.

आणखी एक गोष्ट ऐनवेळी नडते. कागदावर गँट चार्ट (कुठली प्रोसेस कधी चालली त्याची पट्टी) दोन मिनिटांत होतो, पण परीक्षेच्या खिडकीत नुसता मजकुराचा चौकोन असतो. चार्ट, पेज टेबल आणि फोर्कचं झाड टाइप करून कसं मांडायचं ते घरी ठरवून ठेवा. प्रत्येक प्रोसेससाठी एक ओळ आणि पुढे सुरू-शेवटच्या वेळा, एवढं पुरतं. कच्चा कागद वापरायची परवानगी आहे का आणि तो कॅमेऱ्याला आधी दाखवावा लागतो का, हे नियमांच्या पानावर बघा. कोर्सने सराव परीक्षा ठेवली असेल तर ती त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउझरमध्ये, पूर्ण वेळ लावून द्या.